खडपावरचे आणि खडपाखालचे

सीमाभागातल्या माणसाला रेघांचं नवल नसतं. कारवारहून निघून काळी नदीवरचा पूल ओलांडला, सदाशिवगड आणि माजाळी मागे टाकली की थोड्याच वेळात पोळ्याचा नाका येतो आणि पाट्यांवरची लिपी बदलते. (काळीवरचा जुना पूल २०२४च्या ऑगस्टात कोसळला, आता रहदारी त्याच्या शेजारच्या नव्या पुलावरून चालते.) आमच्या घरात कोकणी, पुस्तकांच्या कपाटात मराठी, कचेरीत कन्नड आणि बँकेच्या कागदांवर इंग्रजी अशी वाटणी लहानपणापासून होती, आणि तिच्यात काही विशेष आहे असं कधी वाटलं नाही. हद्दीच्या प्रश्नावर आमच्या पिढीने भाषणं ऐकली, मोर्चे पाहिले, वर्तमानपत्रांची कात्रणं जपली. पण दोन माणसांनी एकच जागा मिळून कशी वापरायची, याचं शिक्षण मला मिळालं ते सभेत नव्हे. ते मिळालं समुद्रात, कमरेपासून दोन-तीन पुरुष खोल पाण्यात, जिथे पाटी लावता येत नाही आणि कुंपणही घालता येत नाही.

या पाण्यावर हक्क सांगणारे दोन पंथ आहेत. एक खडपावर बसून गरवणाऱ्यांचा, म्हणजे गळ टाकून तासन् तास वाट पाहणाऱ्यांचा. दुसरा डोळ्यांना काच लावून, श्वास रोखून खाली जाणाऱ्यांचा आणि भाल्याने मासा मारणाऱ्यांचा. माझे मामा पहिल्या पंथातले, मी दुसऱ्या. मासा दोघांनाही एकच हवा असतो आणि तो बहुधा एकाच कपारीत असतो. भांडणाला याहून अधिक कारण लागत नाही.

खडप हा शब्द घाटावरच्या वाचकांसाठी थोडा उलगडून सांगायला हवा. किनाऱ्याचे डोंगर जिथे समुद्रात पाय सोडून बसतात, तिथे त्यांचे काळे खडक पाण्याखाली दूरवर पसरत जातात. ओहोटीला त्यांच्या पाठी उघड्या पडतात, भरतीला झाकल्या जातात. या खडकांवर शिनाणे आणि कालवं चिकटलेली असतात, फटींत कुर्ल्या आणि शेवंडी राहतात, आणि त्यांच्या आशेने मोठे मासे येतात. लक्षद्वीपसारखी प्रवाळाची बाग इथे नाही. प्रवाळ आहे, पण तुरळक आणि धुळकट रंगाचं. पावसाळ्यात नद्या गाळ ओततात, तेव्हा पाणी चहासारखं होतं आणि हाताचा पंजा हातभर अंतरावर दिसत नाही. नोव्हेंबर उजाडला की ते हळूहळू निवळतं. डिसेंबर-जानेवारीत चांगल्या दिवशी चार-पाच मीटरवरचं दिसू लागतं. म्हणजे खाली जाणाऱ्याला वर्षातले जेमतेम तीन-चार महिने. गरवणाऱ्याला मात्र गढूळ पाणीही चालतं, किंबहुना पुष्कळदा तेच बरं वाटतं.

माशांची नावं हा आमच्याकडे वेगळाच विषय. मालवणची मुडदुशी कन्नडमध्ये काणे होते. सुरमई आमची इसवण, आणि मंगळूरला गेली की अंजल. मुंबईकडचा हेकरू तो मालवणात गोब्रा, आमच्या घरी गोबरो. तांबोशीला गोव्यात तामसो म्हणतात. लहानपणी बाजारात आई एका कोळणीशी कोकणीत, दुसरीशी कन्नडमध्ये आणि मागून आलेल्या मास्तरीणबाईंशी मराठीत बोलायची, आणि तिन्ही भाषांत भाव तेवढाच पाडून मागायची. मासा बिचारा सगळ्या नावांना ओ देत टोपलीत पडलेला.

खाली जायला मला शिकवलं ते शिनाणे काढणाऱ्या एका खारवी दादाने. १९७०च्या दशकातली गोष्ट. तो कमरेला जाळीची पिशवी आणि हातात लोखंडी कांब घेऊन बुडी मारायचा आणि मिनिटभराने फुगलेली पिशवी घेऊन वर यायचा. मी पंधरा-सोळा वर्षांचा असेन. आमचा पहिला भाला म्हणजे मोडक्या छत्रीची काडी, पुढचं टोक कानशीने घासून तासलेलं, आणि मागे सायकलच्या ट्यूबची पट्टी. पट्टी अंगठ्यात अडकवायची, काडी मागे ओढून मुठीत धरायची आणि मूठ सैल करायची की काडी सुटते. जगभर ज्याला हवाईयन स्लिंग म्हणतात त्याचा हा गरीब चुलतभाऊ, हे मला फार पुढे कळलं. युरोपात तरी या छंदाचा उगम काही फार श्रीमंती नव्हता. १९३०च्या दशकात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर गाय गिलपॅट्रिक नावाच्या एका अमेरिकन लेखकाने वैमानिकाच्या चष्म्याच्या फटी लांबी भरून बुजवल्या आणि तो लावून भाला घेऊन पाण्यात उतरला. १९३८ साली त्याने यावर पुस्तकही लिहिलं.

पाण्याखाली डोळा फसवतो. काचेतून पाहिलं की वस्तू एकतृतीयांशाने मोठी आणि पाऊण अंतरावर दिसते. चार हातांवरचा मासा तीन हातांवर वाटतो, आणि पावशेराचा मासा ताटाबाहेर जाईल असा दिसतो. म्हणून नवखा भालेकरी नेहमी लांबून मारतो आणि नेहमी मोठ्या माशाच्या गोष्टी सांगतो. वर बसणाऱ्याचीही सुटका नाही. वरून पाहणाऱ्यालाही पाणी आहे त्याच्या पाऊणपटच खोल दिसतं. द्रौपदीच्या स्वयंवरात माशाचा डोळा प्रतिबिंबात पाहून वेधायचा होता. ती अट घालणाऱ्याला पाण्याचा स्वभाव चांगला ठाऊक असला पाहिजे.

पण डोळ्यापेक्षा फसवा असतो तो श्वास. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे दहा मीटरवर छातीतली हवा निम्म्या जागेत दाबली जाते. कान दुखायच्या आत नाक चिमटीत धरून हवा आत ढकलावी लागते. हे सगळं सवयीने जमतं. जीव जातो तो वेगळ्याच कारणाने. श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू संपला म्हणून नव्हे, तर कार्बन डायॉक्साइड साठला म्हणून. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेतले तर तो वायू धुतला जातो आणि धोक्याची घंटा उशिरा वाजते, किंवा वाजतच नाही. मग माणूस वर येता येता, पाण्याचा दाब उतरत असताना, एकाएकी बेशुद्ध होतो. उत्तम पोहणारे, उमेदीच्या वयातले लोक असे गेले आहेत, काही तर अगदी उथळ पाण्यात. आमच्या दादाला यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण नियम ठाऊक होता. ‘एक खाली, एक वर,’ तो म्हणायचा. एकट्याने उतरायचं नाही. जोडीदार खाली असेल तेव्हा दुसऱ्याने वरून त्याच्यावरची नजर काढायची नाही. खाली जेवढा वेळ घालवला त्याच्या दुप्पट वेळ वर निवांत श्वास घ्यायचा. या नियमाला सुटी नाही.

मामांचा पंथ याच्या उलट. त्यांना पाण्यात पाय बुडवायलाही आवडत नसे. बांबूची काठी, तंगूस, शिशाचं वजन, गळ आणि डब्यात सोललेली सुंगटं एवढं घेऊन ते पहाटे निघायचे. पंचांग त्यांना तोंडपाठ. मुंबईकडे तिथीच्या पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते. आमच्याकडे ती त्याहून थोडी आधी येते, हे त्यांनी मला आकड्यांचे पाढे शिकवायच्या वयात शिकवलं. उधाणाच्या दिवशी कुठल्या दगडावर बसायचं, भांगाच्या दिवशी कुठल्या, हे ठरलेलं. गरवणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असं कोणी म्हटलं की ते शांतपणे ‘मानसोल्लासा’चं नाव घेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या त्या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि काठी, दोरी, गळ, आमिष या साऱ्याचा राजाला शोभेल असा विचार त्यात केलेला आहे. ‘राजा कन्नड मुलखातला, ग्रंथ संस्कृतात, आणि जुन्या मराठीचे नमुनेही लोक त्यातच शोधतात. आता सांगा मासा कोणाचा,’ असं मामा विचारत. सीमाभागात वाढलेल्या माणसाला विनोदासाठी फार लांब जावं लागत नाही.

भांडण मात्र विनोदाचं नव्हतं. गरवणाऱ्यांच्या आमच्याविरुद्धच्या तक्रारी तीन. पहिली, तुम्ही पाण्यात उतरलात की मासे बुजतात आणि दोन तास गळाकडे फिरकत नाहीत. दुसरी, गळाला काय लागेल ते देवाच्या हाती असतं, तुम्ही मात्र नेमका मोठा मासा निवडून मारता. तिसरी, तुम्ही दिसत नाही. आमच्याही तक्रारी होत्या. कपारींत अडकून तुटलेलं तंगूस वर्षानुवर्षं कुजत नाही. ते खाली जाळ्यासारखं पसरतं, त्यात कुर्ल्या अडकून मरतात आणि बुडी मारणाऱ्याचा पाय गुंततो. आणि वरून येणारं शिसं डोक्यात बसलं तर कोणाला सांगायचं?

पूर्वी किनारा मोठा होता, खडप पुष्कळ होते, त्यामुळे या तक्रारी धुमसत राहिल्या तरी पेटल्या नाहीत. पुढे कारवारच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्याचा मोठा पट्टा नौदलाच्या तळासाठी घेतला गेला. १९८६ साली त्याची पायाभरणी झाली आणि २००५ साली आयएनएस कदंब कार्यान्वित झाला. देशाच्या रक्षणाचं काम, त्याबद्दल कोणाचं म्हणणं नव्हतं. पण तिकडचे गरवणारे आणि तिकडचे बुड्या मारणारे उरलेल्या खडपांवर येऊ लागले. शिवाय घाटरस्ते सुधारले, आणि रविवारी बेळगाव-हुबळीकडची मंडळीही काठ्या घेऊन दिसू लागली. जागा तेवढीच, माणसं दुप्पट.

२००३च्या डिसेंबरात तिळमातीच्या अलीकडच्या एका खडपावर जे घडलं ते यातूनच घडलं. मी आणि दादा पाण्यात होतो. दादा खाली, मी वर. दोन पुरुष पाणी होतं, नितळ. दादा एका कपारीशी ओणवा झाला होता. एवढ्यात माझ्या शेजारून काहीतरी चमकत खाली गेलं आणि दादाचा हात एकदम मागे खेचला गेला. गळ त्याच्या कोपराखाली रुतला होता. वरच्या गृहस्थांना वाटलं, मोठा मासा लागला. त्यांनी आवेशाने हिसका दिला. दादाने दुसऱ्या हाताने तंगूस धरलं, पण वरून ओढ आणि खाली दगडाला पडलेला वेढा, त्यामुळे त्याला ना वर येता येई ना दोरी तोडता येई. मी पोटरीला बांधलेली सुरी काढली, खाली गेलो, दोन ठिकाणी तंगूस कापलं. आम्ही वर आलो तेव्हा दादाचे ओठ निळे पडले होते. या साऱ्याला अर्धं मिनिटही लागलं नसेल. पण ज्याचा श्वास आधीच सरत आलेला आहे त्याचं अर्धं मिनिट घड्याळात मोजता येत नाही.

खडपावर आलो तर ते गृहस्थ तुटलेलं तंगूस गुंडाळत हळहळत होते. आम्हाला पाहून ते आधी पांढरे पडले आणि मग, माणसाचं होतं तसं, रागावले. ‘पाण्यात माणूस आहे याचं मला स्वप्न पडणार होतं काय?’ दादाही मागे हटणारा नव्हता. ‘गळ टाकायच्या आधी बघायला डोळे दिले नाहीत देवाने?’ दोघांचेही सोबती जमले. कोणी कोकणीत, कोणी मराठीत, कोणी कन्नडमध्ये ओरडू लागलं आणि दोन मिनिटांत गळ बाजूला राहून ‘आमचा किनारा’ आणि ‘तुमच्यासारखे बाहेरचे’ हे शब्द ऐकू येऊ लागले. सीमाभागात भांडण कुठूनही सुरू होवो, त्याला ही वाट सापडायला वेळ लागत नाही.

मामा पलीकडच्या दगडावर होते. ते काठी खाली ठेवून आले, त्यांनी दादाचा हात पाहिला आणि पहिलं वाक्य बोलले ते त्या गृहस्थांशी. ‘गाडी तुमची आहे ना? मग आधी दवाखान्यात चला.’ गळाला उलटा काटा असतो. तो आला त्या वाटेने ओढून काढायचा नसतो, एवढं भान सगळ्यांना होतं. डॉक्टरांनी गळाचं टोक दुसऱ्या बाजूने बाहेर काढलं, काटा पकडीने तोडला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. येताना माजाळीच्या एका टपरीवर चहा झाला. तोपर्यंत राग उतरला होता. त्या गृहस्थांनी सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले आणि दादाने ते देऊ दिले. माझ्या मते समेट तिथेच झाला, पुढचं बोलणं हा नुसता तपशील.

पण तपशीलही महत्त्वाचा होता. मामांनी टपरीवरच्या बाकावर बसून एकेक मुद्दा मांडला. बुडी मारणाऱ्याने आपल्यासोबत तरंगता लाल डबा ठेवायचा. त्या डब्यापासून तीस पावलांत कोणी गळ टाकायचा नाही. खडपावर काठी आधी लागलेली असेल तर बुडी मारणाऱ्याने तिथे उतरायचं नाही, दुसरा खडप बघायचा. वेळेच्या मुद्द्यावर बराच वाद झाला, कारण भरतीबरोबर बाहेरचं स्वच्छ पाणी येतं आणि मासाही येतो, तेव्हा भरती दोघांनाही हवी. शेवटी भरती-ओहोटी सोडून सूर्य धरला. पहाट, संध्याकाळ आणि रात्र गरवणाऱ्यांची, कारण मासा तेव्हा खातो. ऊन वर चढल्यापासून तिसऱ्या प्रहरापर्यंत खाली जाणाऱ्यांचं, कारण उजेड तेव्हा तळापर्यंत पोचतो. आणि अखेरचा मुद्दा दादाचा. खाली अडकलेले गळ आणि शिसं आम्ही सोडवून आणू आणि ज्याचं त्याला देऊ. हे ऐकून गरवणारे हसले, कारण एका मोसमात त्यांचं किती शिसं खडपाखाली जातं ते त्यांनाच ठाऊक. याच एका कलमाने बाकीची कलमं टिकली असं मला वाटतं. नुसत्या मनाईच्या बळावर शेजार टिकत नाही. एकमेकांकडे काहीतरी काम असावं लागतं.

आमचा हा टपरीवरचा करार म्हणजे काही जगावेगळी अक्कल नव्हती. इटलीत १९६८च्या मासेमारी नियमांत भालेकऱ्यांसाठी याच जातीची कलमं आहेत. आंघोळीच्या किनाऱ्यापासून पाचशे मीटर आणि लावलेल्या जाळ्यांपासून शंभर मीटर दूर राहायचं, सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळेत उतरायचं, पाठीवर हवेची टाकी लावून मारायचं नाही, दिवसाला गोब्रा एकच. तरंगत्या खुणेवर लाल निशाण आणि त्यावर पांढरा तिरका पट्टा. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर तपकिरी गोब्रा भाल्याने मारायला १९९३पासून मनाई आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात ब्लू ग्रोपर नावाचा एक मोठा निळा मासा आहे. तो माणसाला बुजत नाही, बुडी मारणाऱ्याच्या मागे मागे कुत्र्यासारखा फिरतो. भाल्याने त्याला मारणं तिथे १९६९पासून बेकायदा. गळाने धरायला मात्र पुढे मुभा मिळाली. २०२३च्या ३० डिसेंबरला सिडनीजवळच्या क्रोनुलात लोकांच्या ओळखीचा, लाडक्या नावाने हाक मारला जाणारा असा एक ग्रोपर कोणीतरी भाल्याने मारला. केवढा गहजब झाला. २०२४ साली सरकारने गळाने धरण्यावरही तात्पुरती बंदी घातली. सिडनीत स्थायिक झालेल्या एका नातलगाने ही बातमी कळवली तेव्हा मी ती मामांना वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘भालेवाल्याचा अपराध, आणि काठी गरवणाऱ्याचीही गेली. पाणी एकच ना रे.’

माशाच्या बाजूने बोलणारा टपरीवर कोणी नव्हता, ही उणीव पुढे भरून निघाली. त्याला कारण गोब्रा. हा मासा जन्माला येतो तो मादी म्हणून, आणि मोठा झाल्यावर त्यातले काही नर होतात. म्हणजे खडपातले सगळ्यात थोराड गोबरे हे बहुधा नर, आणि भाला तर थोराडालाच शोधत जातो. असे चार गोबरे एका खडपातून काढले की मागे माद्याच राहतात. तांबोशीची गोष्ट निराळी. तिची पिल्लं खाडीत, खारफुटीच्या मुळांत वाढतात आणि मोठी झाल्यावर बाहेर खडपाकडे येतात. काळी नदीच्या खाडीत कोणी खारफुटी तोडली तर खडपावर बसलेल्या मामांचा गळ काही वर्षांनी रिकामा राहणार. हा मासा वीस वर्षांहून अधिक जगतो. आज मारलेली मोठी तांबोशी तुमच्या मुलीच्या वयाची असू शकते. हे सगळं मी वाचत गेलो, तसं चहाच्या बाकावर सांगत गेलो. मग दोन कलमं वाढली. हातभराहून लहान गोबरा भाल्याने मारायचा नाही. आणि दक्षिणेकडच्या मोठ्या कपारीतल्या दांडग्या गोबऱ्याला भाला दाखवायचा नाही, गळही नाही. महाकाय गोब्रा ही जात तर २००१पासून वन्यजीव कायद्याखाली वाघासारखीच संरक्षित आहे. आमच्या कपारीतला तो त्या जातीचा नसेल, पण आम्ही त्याला तसाच मान दिला. मालवणात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं ते सरकारने. आमचं हे एका कपारीचं, चहाच्या पेल्यांवर जाहीर झालेलं.

आता या गोष्टीला वीस वर्षं उलटून गेली. दादा आता पाण्यात उतरत नाही. मामा पंच्याऐंशीच्या घरात आहेत, खडपावरून चालणं त्यांना झेपत नाही. माझेही कान आता दोन पुरुषांखाली कुरकुरतात. करार करणारे असे एकेक मागे सरले आणि खडपावर नवी माणसं आली. त्यांच्याकडे परदेशी काठ्या आहेत, चकाकणारी खोटी आमिषं आहेत. खाली जाणाऱ्यांकडे रबराच्या बंदुका आहेत. छत्रीची काडी सांगितली तर हसतात. आणि खडपाच्या पलीकडे, जिथे आमच्यापैकी कोणीच जात नाही, तिथे रात्री दिव्यांचा झगझगाट करून मासा ओढण्याचे प्रकार चालले. केंद्र सरकारने २०१७च्या नोव्हेंबरात त्यावर बंदी घातली, तरी पारंपरिक मच्छीमारांच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. अशा वेळी काठीवाले आणि भालेवाले एका कपारीसाठी भांडताना पाहिले की दोन भाऊ ओसरीवरच्या खांबासाठी भांडताहेत आणि मागच्या दाराने धान्याची पोती चालली आहेत, असं वाटतं.

माझा भाचा अठ्ठावीस वर्षांचा आहे. बुडी त्याला मी शिकवली, तिथी मामांनी. गेल्या वर्षी जानेवारीत तो जोडीदाराबरोबर पाण्यात असताना वर पाच-सहा जणांनी काठ्या लावल्या. लाल डबा त्यांना दिसला, पण त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. पहिलं शिसं पडलं तसा भाचा वर आला. मी काठावर बसून पाहत होतो. आता आवाज चढणार, असं मला वाटलं. त्याने काच कपाळावर सरकवली आणि हात वर करून म्हणाला, ‘केळगे जन इद्दारे!’ खाली माणसं आहेत. मंडळी हुबळीकडची होती. त्यांनी काठ्या उचलल्या. मग तो ओल्या अंगाने त्यांच्याजवळ बसला आणि डब्याचं, तीस पावलांचं, सूर्याच्या वाटणीचं आणि दक्षिणेच्या कपारीचं सगळं त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितलं. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, हा नियम कुठल्या खात्याचा? भाचा म्हणाला, ‘आमच्या आजोबांचा.’ त्या माणसाने मान हलवली. खात्याचा असता तर त्याने बहुधा आणखी दोन प्रश्न विचारले असते.

त्या दिवशी भाच्याने खालून पिशवीभर तंगूस आणि शिसं आणलं. संध्याकाळी ओसरीवर वर्तमानपत्र पसरून मामांपुढे ते ओतलं. मामांना आता नीट दिसत नाही. ते एकेक शिसं तळहातावर घेऊन तोलत होते, गळाच्या गाठी बोटांनी चाचपत होते. ‘हा आपल्याकडचा. हा गोव्याचा, ते अशी दुहेरी गाठ मारतात. आणि हा कोणा नवख्याचा, ही गाठ सुटणारच होती.’ सगळं निवडून झाल्यावर नवख्यांचा ढीग सर्वांत मोठा निघाला. भाच्याने विचारलं, ‘आजोबा, याचं काय करू? हे लोक कोण, कुठले, काय ठाऊक?’

‘रविवारी येतील परत,’ मामा म्हणाले. ‘तेव्हा दे त्यांना. आणि ती गाठ कशी मारायची तेही दाखव.’